गुर्लापूरचा तोडगा : टनामागच्या पन्नास रुपयांचा हिशेब

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक रस्त्यात बसले. मागणी एका ओळीची होती : तोडणी-वाहतूक वगळून टनाला ३,५०० रुपये. आंदोलन जिल्हाभर पसरलं. ऐन हंगामाच्या तोंडावर गव्हाणी, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागा, थांबल्या. ७ नोव्हेंबरला बेंगळुरूत मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी कारखानदार आणि शेतकरी नेत्यांशी बोलून तोडगा जाहीर केला. ११.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला ३,३०० आणि १०.२५ टक्क्यांना ३,२००, तोडणी-वाहतूक सोडून. जिल्हा पातळीवर अनुक्रमे ३,२०० आणि ३,१०० ची तयारी आधीच झालेली होती. वरचे शंभर रुपये असे वाटले गेले : पन्नास कारखान्याने द्यायचे, पन्नास राज्य सरकारने.

हे सरकारचे पन्नास रुपये नीट बघण्यासारखे आहेत. ऊस हा कारखान्याचा कच्चा माल. त्याच्या बिलातला एक तुकडा सरकारी तिजोरीतून जातो. राज्यात पाच कोटी टन ऊस गाळला गेला, तर टनाला पन्नासप्रमाणे ही रक्कम २५० कोटी होते. शेतकऱ्याला हे पैसे मिळाले याचं वाईट कुणालाच वाटणार नाही. प्रश्न असा आहे की दर ठरवण्यासाठी कायदा असताना, मंडळ असताना आणि साखर खातं असताना शेवटचा आकडा रस्त्यावर आणि मुख्यमंत्र्यांच्या दालनात का ठरतो? आणि ठरलेल्या आकड्यातून गावात प्रत्यक्ष किती पोचतं?

आमचं म्हणणं असं की बेळगाव, चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यातला खरा तोटा जाहीर दराच्या आकड्यात दिसत नाही. तो वजनात, उताऱ्याच्या दशांशात, तोडणी-वाहतुकीच्या खर्चात आणि पैसे येण्याच्या तारखेत आहे. या चारही गोष्टी कारखाना मोजतो. ज्याने त्या तपासायच्या, ते सरकार कारखान्याच्या माणसांपासून वेगळं काढता येत नाही.

कायद्याचा आकडा

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ नुसार केंद्र सरकार दरवर्षी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, जाहीर करतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. त्याच्या वर उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा. उतारा कमी असेल तर त्याच हिशेबाने कमी, पण साडेनऊ टक्क्यांवर कपात थांबते आणि ३,२९० रुपये ५० पैसे हा तळ राहतो.

११.२५ टक्क्यांचा हिशेब मांडू. एक टक्का जादा म्हणजे दहा वेळा ३४.६०, म्हणजे ३४६ रुपये. एफआरपी झाली ३,८९६. हा दर कारखान्याच्या दारात माल पोचता धरलेला असतो, म्हणून तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. ती ८५० धरली तर हातात ३,०४६ उरतात. गुर्लापूरचा ३,३०० हा दर त्यापेक्षा अडीचशे रुपयांनी जास्त आहे. म्हणजे कारखानदार जेव्हा म्हणतात की आम्ही कायद्यापेक्षा जास्त देतो, तेव्हा ते खोटं बोलत नाहीत.

त्यांची दुसरी तक्रारही खरी आहे. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली. त्या हंगामात एफआरपी टनाला २,७५० होती. ती ३,५५० वर गेली तेव्हाही साखरेची किमान किंमत ३१ रुपयेच होती. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक लगाम घातला, तेव्हा कर्ज काढून आसवनी, म्हणजे इथेनॉलचे प्रकल्प, उभारलेल्यांचा जीव टांगणीला लागला होता. या बाजूकडे डोळेझाक करून लिहिलेला हिशेब गावातल्या पारावरही टिकणार नाही.

मात्र दिल्लीत एक बदल असा झाला की त्यावर फार कमी बोललं गेलं. एफआरपी ज्या उताऱ्यावर मोजतात तो पाया वर सरकत गेला. आधीच्या वैधानिक किमान किमतीच्या काळात तो साडेआठ, नंतर नऊ टक्के होता. २००९-१० मध्ये एफआरपी आली तेव्हा साडेनऊ, २०१८-१९ पासून दहा, २०२२-२३ पासून १०.२५. २०१७-१८ ला साडेनऊ टक्क्यांना क्विंटलला २५५ रुपये होते आणि वरच्या प्रत्येक दशांशाला २.६८. पुढच्या वर्षी दर २७५ झाला, मथळे आले ‘वीस रुपयांची वाढ’. पण २७५ आता दहा टक्क्यांना होते. जुन्या हिशेबाने दहा टक्क्यांना २६८.४० मिळालेच असते. म्हणजे खरी वाढ क्विंटलला ६ रुपये ६० पैसे. २०२२-२३ मध्ये पंधरा रुपयांच्या मथळ्याआड तशीच ७ रुपये ७५ पैशांची वाढ होती. ऊस तोच, रान तेच, फूटपट्टी मात्र लांब केलेली. आपल्या बाजूने नियम कसे झुकतात हे समजायचं असेल, तर आधी ही दोन गणितं हाताने करून बघावीत.

उतारा

उतारा म्हणजे शंभर किलो उसातून पोत्यात पडलेली साखर. तो शेतकऱ्याच्या उसाचा वेगळा मोजत नाहीत, सगळ्या कारखान्याचा सरासरी मोजतात. चांगल्या लागणीचा, पक्व, स्वच्छ ऊस आणि पाला-माती घेऊन आलेला कोवळा खोडवा यांना एकच दर.

यात मोठी गुंतागुंत इथेनॉलने आणली. पूर्वी तीन वेळा साखर काढून उरलेली सी-हेवी मळी आसवनीत जायची. आता दोनदा साखर काढून उरलेली बी-हेवी मळी किंवा थेट रसच इथेनॉलला वळतो. जी साखर पोत्यात पडली असती ती टाकीत जाते, आणि कागदावरचा उतारा बी-हेवीत साधारण दीड टक्क्याने उतरतो. दर ठरवताना ही घट परत मिळवायची असते, त्यासाठी तज्ज्ञ संस्थेचा दाखला लागतो. ती मिळवली नाही तर काय होतं? दीड टक्का म्हणजे पंधरा दशांश, गुणिले ३४.६०, म्हणजे टनाला ५१९ रुपये. सरकारच्या पन्नास रुपयांसमोर हा आकडा ठेवा. म्हणून कारखान्याने उतारा जाहीर केला की पहिला प्रश्न हाच विचारायचा : हा उतारा इथेनॉलला गेलेली साखर मिळवून आहे की वगळून?

२०१२ मध्ये सी. रंगराजन समितीने सुचवलं होतं की साखर आणि मळी, बगॅस (चिपाड), प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) यांच्या उत्पन्नातला ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा शेतकऱ्याचा असावा. कर्नाटकने २०१३ साली ऊस खरेदी व पुरवठा नियमन कायदा केला, ऊस नियंत्रण मंडळ नेमलं आणि वाट्याचं हे सूत्र स्वीकारलं. पण सूत्र चालवून बघा. ११ टक्के उताऱ्याने टनाला ११० किलो साखर, ३८ रुपयांनी ४,१८० रुपये, त्याचे ७५ टक्के ३,१३५. त्याच उसाची एफआरपी येते ३,८०९ रुपये ५० पैसे. म्हणजे सूत्रातून एक पैसाही वर निघत नाही. कारण सूत्र मळीपाशी थांबतं. टनभर उसातून चाळीस-पंचेचाळीस किलो सी-हेवी मळी आणि तिच्यातून दहा-अकरा लिटर इथेनॉल निघतं. लिटरला ५७ रुपये ९७ पैसे या तेल कंपन्यांच्या दराने ते सहाशे रुपयांच्या घरात जातं. हिशेबात मात्र मळी मळीच्या भावाने धरायची. बगॅसपासून केलेल्या विजेचंही तसंच. शेतकऱ्याचा वाटा पहिल्या दारापर्यंत आणि कमाई तिसऱ्या दारात, अशी ही रचना आहे. ती बदलायला विधानसभेत विधेयक लागतं.

काटा आणि टोळी

ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस येतो. भरलेल्या वाहनाचं वजन, मग रिकाम्याचं, आणि वर पाला-बांधणीची वजावट. वीस टनांत ३०० किलोचा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो दीड टक्का झाला, ३,३०० च्या दराने ९९० रुपये. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात १५० दिवस असा फरक राहिला, तर ११,२५० टन ऊस फुकट गाळला जातो. त्याची किंमत ३ कोटी ७१ लाखांच्या वर जाते.

काट्याची तपासणी हे वैधमापन खात्याचं काम. पण त्यात अडचण यंत्रापेक्षा वेळेची असते. पथक दिवसा येतं, प्रमाणित वजनं ठेवून काटा बरोबर असल्याचा शेरा देऊन जातं. वाहनं मात्र रात्रभर रांगेत असतात आणि इलेक्ट्रॉनिक काट्याच्या संगणकातला बदल वजन ठेवून दिसेलच असं नाही. म्हणून बाहेरच्या काट्यावर वजन करून आलेलं वाहन नाकारता येणार नाही ही मागणी महत्त्वाची आहे. बाजार समितीच्या आवारात आणि कारखान्याच्या रस्त्यावर सार्वजनिक काटे हवेत. रांगेचाही तोटा आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला तर ठीक. त्यानंतर तो सुकतो, वजन आणि साखर दोन्ही उतरतात, आणि वजनातली घट थेट पिकवणाऱ्याच्या बिलातून जाते.

तोडणी टोळीची खुशाली आणि ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे त्यांना वरून द्यावे लागणारे पैसे, हा वेगळाच खर्च. तो कुठल्याच बिलात नाही. तोड चिठ्ठी, म्हणजे ऊस तोडायचा कारखान्याचा परवाना, वेळेवर आली नाही, ऊसाला तुरा आला, पुढच्या पिकाला रान मोकळं होईना, की शेतकरी निमूट एकरी हजारांत मोजतो. चिठ्ठीचा क्रम नोंदीच्या तारखेप्रमाणे लागतो असं सांगितलं जातं. ती यादी गावच्या चावडीवर लावली, तर खुशालीचा निम्मा आधार जाईल.

तोडणी-वाहतुकीचा आकडा

हा भाग सर्वांत कमी समजला जातो. शेतकरी म्हणतो, मला निव्वळ दर ठरवून मिळाला, तोडणी-वाहतूक कितीही दाखवा, माझं काय जातं? जातं ते असं : एफआरपी दिली की नाही हे तपासताना निव्वळ दर अधिक तोडणी-वाहतूक अशी बेरीज करतात. कारखान्याने हातात २,९५० दिले आणि तोडणी-वाहतूक ९४६ दाखवली, तर बेरीज ३,८९६ होते आणि कायदा पाळला गेला. तीच तोडणी-वाहतूक ७५० निघाली तर शेतकऱ्याचे टनामागे १९६ रुपये देणं बाकी आहे. कायदा मोडला की पाळला हे कारखान्याने स्वतः लिहिलेला आकडा ठरवतो.

हा आकडा फुगण्याचं एक प्रामाणिक कारणही आहे, आणि ते धोरणाशी जोडलेलं आहे. कारखान्यांनी गाळप क्षमता वाढवली, जवळचा ऊस पुरेना, मग सत्तर किलोमीटरवरून ऊस येऊ लागला. खर्च मात्र सगळ्यांवर सरासरीने पडतो. समजा निम्मा ऊस दहा किलोमीटरवरून टनाला २०० रुपये वाहतुकीने आणि निम्मा सत्तर किलोमीटरवरून ५०० रुपयांनी आला. सरासरी ३५०. कारखान्याच्या कुंपणाला लागून शेत असलेला माणूस दूरच्या उसाचे दीडशे रुपये भरतो.

त्याला दुसरा कारखाना का मिळत नाही? २००६ पासून नियंत्रण आदेशात कलम ६-अ आहे : दोन कारखान्यांत किमान १५ किलोमीटरचं हवाई अंतर. नव्याने येणाऱ्याला केंद्राकडे नोंद, एक कोटीची बँक हमी, दोन वर्षांत ठोस पावलं आणि चार वर्षांत उत्पादन, अशी अट. हेतू चांगला होता, कारखाने उसाविना आजारी पडू नयेत. परिणाम असा की आधी जागा धरून बसलेल्याला आयतं कुंपण मिळालं. रंगराजन समितीने हे अंतर आणि राखीव क्षेत्र (ठरावीक गावांचा ऊस ठरावीक कारखान्यालाच) दोन्ही काढायला सांगितलं होतं. कुंपण उभंच राहिलं.

टेबलाच्या दोन्ही बाजूंना कोण

बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आणि पंचवीसहून अधिक साखर कारखाने. इथे आमदारकी, कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक आणि शिक्षण संस्था एकाच घरात असणं नवं नाही. बेल्लद बागेवाडीचा विश्वराज शुगर कत्ती घराण्याचा, गोकाक भागातला सतीश शुगर्स जारकीहोळी घराण्याचा, शेजारच्या बागलकोटात मुधोळचा निराणी समूह. तिन्ही घरांत मंत्रिपदं आली, आणि ती वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांत आली. ही माहिती उघड आहे, प्रतिज्ञापत्रांत आणि कंपन्यांच्या कागदांत आहे, आणि यातल्या कुणी अमुक गैर केलं असं तिच्यावरून आम्ही म्हणत नाही. मुद्दा रचनेचा आहे. सहकारी कारखाने चालवणारी मंडळीही राजकारणातलीच. आणि रायबागच्या सहकारी कारखान्यासारखे काही भाडेपट्ट्याने खाजगी समूहांकडे गेले, तेव्हा सभासदाचा उरलासुरला आवाजही वार्षिक सभेतून निघून गेला.

अशा जिल्ह्यात प्रभाव टाकायला पाकीट द्यावं लागत नाही. तहसीलदाराने वसुलीचा कागद आठ दिवस पुढे ढकलला तरी काम होतं. काटा तपासणीची तारीख आधी कळली तरी होतं. मंडळाची बैठक हंगाम सुरू होऊन गेल्यावर लागली तरी होतं. आणि सत्ता बदलली म्हणून यातलं काही बदलत नाही, कारण कारखानदार दोन्ही बाकांवर आहेत. विरोधी पक्षाने उसावर सभात्याग केला तरी उताऱ्याच्या दाखल्यावर, काट्याच्या संगणकावर प्रश्न क्वचित येतो.

इतिहास ताजा आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात अधिवेशन चालू असताना रायबाग तालुक्यातल्या एका ऊस उत्पादकाने बाहेर विष घेतलं आणि त्याचा जीव गेला. त्यानंतर सरकारने एफआरपीच्या वरचा दर जाहीर केला, काही भार स्वतः उचलला. कारखान्यांनी तो दर परवडत नाही म्हणून हात वर केले आणि थकबाकी साचत गेली. बारा वर्षांनी गुर्लापूरला तोच साचा : आधी रस्ता, मग बैठक, मग तिजोरीतून थोडी भर. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २०२० मध्ये स्पष्ट केलं की राज्य सरकार केंद्राच्या दरापेक्षा जास्त दर ठरवू शकतं. अधिकार आहे. तो हंगामाआधी, आकडेवारी मांडून वापरला जात नाही. आंदोलन पेटल्यावर वापरला जातो.

याच जिल्ह्यात, पुणे-बेंगळुरू महामार्गावर निपाणीजवळ १९८१ च्या एप्रिलमध्ये तंबाखूला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळ्या चालल्या, शेतकरी मारले गेले. तंबाखूत भाव व्यापाऱ्यांच्या हाती होता, आणि सरकार तेव्हाही पोलिसांच्या रूपाने आधी पोचलं.

चौदा दिवस

नियंत्रण आदेशाच्या कलम ३(३) नुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर ३(३-अ) नुसार वर्षाला १५ टक्के व्याज. ८० टन ऊस, ३,३०० च्या दराने २ लाख ६४ हजार. साठाव्या दिवशी पैसे आले तर ४६ दिवसांचं व्याज ४,९९१ रुपये होतं. ते कारखाना आपणहून देत नाही आणि सहसा कुणी मागत नाही.

पण कलम ३(३) मध्ये एक पळवाट आहे : ‘याविरुद्ध लेखी करार नसेल तर’. ऊस नोंदवताना ज्या छापील कागदावर सह्या घेतात त्यात हप्त्याने पैसे घेण्याची कबुली असू शकते. आपल्या भागात तो कागद बहुधा कन्नडात असतो, आणि मराठी गावांतला शेतकरी कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या पोरावर विश्वास ठेवून अंगठा किंवा सही करतो. नोंदीच्या वेळीच प्रत मागायची, वाचून घ्यायची, आणि चौदा दिवसांची मुदत सोडणारी ओळ असेल तर ती खोडून शेजारी सही करायची. हे वर्षातलं सर्वांत महत्त्वाचं पाच मिनिटांचं काम आहे.

उशिराचा मार गावावर कसा पडतो? राज्यात सोसायटीतून पाच लाखांपर्यंतचं पीक कर्ज बिनव्याजी मिळतं, पण मुदतीत फेडलं तरच. ऊस बिल अडकलं, मुदत हुकली, की सवलत जाते आणि नेहमीचं व्याज लागतं. मग माणूस खाजगी सावकाराकडून आणून सोसायटी भरतो आणि नवं कर्ज उचलून सावकाराला देतो. वर्षाला ३० हजार टन ऊस देणाऱ्या गावाचं बिल ३,३०० ने ९ कोटी ९० लाख होतं. ते ४६ दिवस उशिरा आलं तर गावाने कारखान्याला १८ लाख ७१ हजारांचं व्याज सोडलं. काट्यावर एक टक्का गेला तर आणखी ९ लाख ९० हजार. हे पैसे हारूगेरी, सदलगा, एकसंबा, अथणीच्या बाजारात फिरले असते : खताची उधारी, पशुखाद्य, ट्रॅक्टरचं गॅरेज, पोरांची फी. दुकानदार उधारीवरचा भाव वाढवतो तो याच दिवसांचा. ज्यांच्याकडे ऊस नाही, ज्यांचा कारखान्याशी काही संबंध नाही, त्यांनाही किराणा म्हणून तो महाग पडतो. ऊस कारखान्यातच गेला पाहिजे अशी परिस्थिती झाली तशी गुऱ्हाळं विझत गेली. गुऱ्हाळवाला भाव कमी देत असेल, पण पैसे हातावर देई, आणि कारखान्याला तेवढा धाक असे.

सीमेचा फायदा इथे थोडा होतो. निपाणी-चिकोडीच्या शेतकऱ्याला कागल, शिरोळ, गडहिंग्लजचे कारखाने दिसतात, म्हणून दोन्हीकडचे जरा वाकतात. खानापूर भागात हा पर्याय दुबळा. म्हणूनच सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने परराज्यात ऊस नेण्यावर बंदी घातली तेव्हा तिकडच्याच शेतकऱ्यांनी विरोध केला आणि काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपीचे दोन तुकडे करणारा आदेश काढला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. तो निकाल कर्नाटकला बांधील नाही, पण एकरकमी एफआरपीच्या मागणीसोबत तो जोडायला हरकत नाही.

वसुली कुठे अडते

पैसे थकले की कलम ३(८) नुसार ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. साखर आयुक्त वसुली दाखला काढतात, जिल्हाधिकारी साखरेच्या साठ्यावर जप्ती आणतात. कागदावर हे जबरदस्त आहे. गोदामात गेल्यावर कळतं की साखर बँकेकडे तारण आहे. सिरुगुप्पा शुगर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरवलं की तारण धरणाऱ्या बँकेचा हक्क ऊस आयुक्तांच्या वसुलीच्या आधी येतो. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये, गाळप संपताना निघालेला दाखला बहुतेकदा रिकामा पडतो. तो जानेवारीत हवा, साखर रोज तयार होत असताना. उशीर हीच इथली सर्वांत मोठी मेहेरबानी आहे, आणि ती देणारा अधिकारी काहीही बेकायदा करत नसतो.

म्हणून तक्रार एकेकट्याने आणि हंगाम संपल्यावर करू नये. प्रत्येकाने तोड चिठ्ठी, दोन्ही वजनांची पावती आणि पंधरवड्याचं बिल यांचे मोबाइलवर फोटो त्याच दिवशी काढून ठेवावेत, कारण पावतीची शाई उन्हाळ्यापर्यंत उडते. गावातल्या पन्नास जणांनी एका तक्त्यात नाव, खातं, ऊस दिल्याची तारीख, टन, मिळालेले पैसे आणि बाकी अशा रकान्यांत माहिती भरावी. कारखान्याने मान्य केलेला दर त्याच्याच शिक्क्याने लेखी घ्यावा. बेंगळुरूच्या बैठकीची बातमी म्हणजे करार नव्हे, पण कारखान्याचं लेखी पत्र असेल तर ठरलेला दर चौदा दिवसांच्या कलमाखाली येतो. सरकारच्या पन्नास रुपयांचा रकाना वेगळा ठेवावा, नाहीतर कारखाना ते आपल्या रकमेत मोजतो.

पंधराव्या दिवशी हा तक्ता जोडून अर्ज तीन ठिकाणी द्यावा : कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना, तहसीलदारांना आणि साखर आयुक्तांना. अर्जात ३(३), ३(३-अ) आणि ३(८) ही कलमं लिहावीत, व्याजाची रक्कम रुपयांत काढून दाखवावी, आणि सोबत इथेनॉलसाठी वळवलेल्या साखरेसह उतारा किती याची माहिती मागावी. मराठी अर्जासोबत कन्नड प्रत जोडावी, म्हणजे भाषेच्या नावाने तो परत येणार नाही. पोच म्हणून आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.